मोरचूद

एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.
मातीच्या माठात कालवायचं, लोखंडी बादलीत नाही.
मग विळ्याचं पातं बुडवायचं, क्षणभर धरायचं.
तांबूस झालं तर चुना कमी पडला.
आमच्या घरात पोरं पाढ्यांच्या आधी हे शिकतात.

पावसाळा तोंडावर आला की
मोहप्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला आमची बाग
कमरेइतक्या निळ्या पाण्यात उभी दिसते.
सहाशे चाळीस झाडं संत्र्याची.

'बोर्डो लावला का?'
हे पणजोबा विचारायचे, उकंडराव,
मग शालिकराम आजोबा,
आता बाबा.
उकंडरावांची समजूत होती की बोर्डो नावाचा कुणी साहेब
नागपूरच्या शेतकी कॉलेजात आहे,
टोपीवाला, झाडांचा डॉक्टर.
दरवर्षी तोडा झाला की ते त्याच्या नावाची एक पेटी
बाजूला काढायचे, वर कडुलिंबाचा पाला.
साहेब कधी आला नाही.
पेटी घरातच संपायची.

धरमपेठेतल्या वाचनालयात मी एकदा नकाशा उघडला
आणि बोर्डो हे गाव निघालं.
फ्रान्सच्या खालच्या अंगाला, नदीकाठी,
आणि चहूकडे द्राक्षांचे मळे,
बापाकडून लेकाकडे, लेकाकडून नातवाकडे आलेले.
तिकडे म्हणे रस्त्याकडेच्या वेली
आधी नुसत्या निळ्या फासायचे,
येणाऱ्या-जाणाऱ्याने घड तोडू नये म्हणून.
रोगही थांबतो, हे मागाहून कळलं.

बाबांना सांगितलं.
ते हसले. 'म्हणजे साहेब नव्हताच.'
मग बराच वेळ माठातलं ढवळत राहिले.
'आजोबाले नको सांगू,' म्हणाले,
उकंडरावांना जाऊन तेव्हा एकतीस वर्षं झाली होती.

गेल्या अंबियाला कळमन्याहून चुरी परत आली,
लिंबाएवढाली फळं, कोणी हात लावेना.
मी ती पेट्यांच्या खोलीत सोलत बसले,
पांढऱ्या शिरा काढल्या, बिया काढल्या, रस गाळला,
यीस्ट घालून चार काचेच्या बरण्यांत भरला.
रात्री बरण्या बुडबुडायच्या.
आई म्हणायची, भुतं पोटदुखीनं कण्हतात जशी.
काकांनी दारातूनच ऐकवलं,
'नागपुरात संत्रा म्हटलं की लोक दुकान दाखवतात,
फळाचं नाही.
चार पिढ्यांचं नाव, त्याची तू दारू कर.'

बाबा उभ्या जन्मात प्यायले नाहीत.
एका सकाळी आले, चप्पल बाहेर काढली
(त्या खोलीत कोणी काढत नाही),
बरणीत करंगळी बुडवली,
क्षणभर धरली,
बाहेर काढून निरखली, पात्यासारखी,
मग जिभेला लावली.

'नाल्याकडची ओळ ना?'
हो.
'तान कमी पडला तिले.
चार दिवस आधी पाणी सोडलं होतं आपण.'

मला आठवलं. पौषातली गोष्ट.
माझ्या साखरपुड्याला पाहुणे यायचे होते,
आणि पानं गळालेली, तहानेली झाडं
व्याह्यांच्या नजरेला पडू नयेत
म्हणून बाबांनी रात्रीच मोटर सुरू केली होती.
साखरपुडा चैत्रात मोडला.
त्यावर घरात कोणी बोलत नाही, मीही नाही.
ते चार दिवस असे बरणीत बसले होते,
जरा पचपचीत, शेवटी किंचित कडू.

'पण वास आहे,' बाबा म्हणाले.
'फुलाचा आहे, फळाचा नाही. तो कुठून आला?'
मला माहीत नव्हतं.

सगळ्या मिळून एकवीस बाटल्या निघाल्या.
एक मी फळीवर वेगळी ठेवली,
गळ्याभोवती कडुलिंबाची डहाळी बांधून.
बाबांनी कुणासाठी ते विचारलं नाही.
खिडकीतून ऊन येतं म्हणून
फक्त थोडी आत सरकवली.